लाद्याचा शेवटचा डबल

लादिस्लाव झेलेंका इतके डबल का मारतो, हे प्लम फोर्डमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याला तिसऱ्या बेसपर्यंत पळवतच नाही, म्हणून. त्याचा फटका डाव्या आणि मधल्या मैदानाच्या फटीतून असा सणसणत जायचा की दुसरा कुणीही असता तर एका दमात तीन बेस पळून, वर पँटवरची धूळ झटकत उभा राहिला असता. लाद्या मात्र दुसऱ्या बेसला येईपर्यंतच लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकायला लागायचा आणि तिथंच ठाण मांडायचा. एका फटक्यात दोन बेस, म्हणजे झाला डबल. बाकीच्यांचे डबल नशिबानं व्हायचे, लाद्याचे पिंढऱ्यांमुळे व्हायचे.

"देवानं तुला हात दिले बेसबॉलवाल्याचे आणि पाय दिले बैलाचे," गावचा खाटीक ओल्द्रिख त्याच्या तोंडावर म्हणायचा.

"बैलाला काय झालं? तोही संध्याकाळी घरी पोचतोच की," लाद्या म्हणायचा आणि स्वतःच मोठ्यांदा हसायचा.

असा माणूस. चिडवणाऱ्याला मजाच यायची नाही. हिवाळाभर तो गावच्या लोण्याच्या कारखान्यात सायीची पिंपं घुसळायचा आणि उन्हाळाभर प्लम फोर्डच्या संघात पहिला बेस सांभाळायचा. पगारी खेळाडू बरं का! आता 'पगारी' म्हटलं म्हणून भुवया वर करू नका. बेसबॉलच्या लीगांची जी शिडी असते, तिची आमची लीग म्हणजे जमिनीला टेकलेली पायरी. पोरं तिच्यावर पाय ठेवायची ती वर चढण्यासाठी. लाद्या बारा उन्हाळे तिच्यावर बसून राहिला. किती पोरं त्याच्या डोळ्यांदेखत वर गेली. प्रत्येकाला तो स्टेशनवर पोचवायला जायचा, आणि बायकोनं केलेल्या कोलाचेंची, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांची, पुडी त्याच्या हातात कोंबायचा. "तिकडं मोठ्या शहरात असलं काही मिळणार नाही रे," म्हणायचा, आणि परत येताना शीळ घालत यायचा. हेवा म्हणून नाही त्याच्या पोटात.

पण एक गोष्ट त्याला आतून टोचायची. बारा उन्हाळे खेळला, पण पहिला म्हणून कशातच आला नाही. हंगाम संपला की वर्तमानपत्रात लीगमधले अव्वल खेळाडू छापून यायचे. सगळ्यात जास्त होमरन कुणाचे, सगळ्यात जास्त डबल कुणाचे. लाद्या डबलमध्ये कधी दुसरा यायचा, कधी तिसरा. आणि या सप्टेंबरात तर सगळंच संपणार होतं. कारखान्याचा म्हातारा मुकादम घरी बसला होता, त्याची जागा लाद्याला मिळाली होती, आणि मुकादमाला उन्हाळ्याची सुट्टी नसते. सोमवारी, अमेरिकेत सप्टेंबरात येणाऱ्या कामगार दिनाच्या सुट्टीला, शेवटचा सामना. मंगळवारपासून लोणी.

नशिबाचा खेळ बघा. त्या शेवटच्या सामन्याला येणार होता हॅलमचा संघ, आणि हॅलमचा वेंडेल प्रुइट नावाचा सडपातळ पोरगा आणि लाद्या डबलमध्ये बरोबरीला होते. ना एक कमी, ना एक जास्त.

"रुझे," लाद्या आदल्या दिवशी बायकोला म्हणाला, "एकदा, फक्त एकदा माझं नाव सगळ्यात वर छापून येऊ दे. मग मी मरेपर्यंत साय घुसळीन."

रुझेना पीठ मळत होती. "ती तू तशीही घुसळणारच आहेस," ती म्हणाली. पण तिच्या मनात दुसरंच काही घोळत होतं, आणि ते होतं तिच्या सासऱ्याबद्दल.

मातेय झेलेंका, लाद्याचा बाप, गावचा चांभार. बायको गेल्यापासून तो मुलाकडेच राहायचा, पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत खाट. बारा उन्हाळे पोरगा घरापासून हाकेच्या अंतरावर खेळला, आणि बापानं एकदाही त्या मैदानात पाऊल ठेवलं नाही. भांडण नव्हतं काही. बापाचं म्हणणं सरळ होतं: काम म्हणजे बसून, मान मोडून करायचं ते काम. चेंडूच्या मागं धावल्याचा पगार घेणं म्हणजे झोपल्याचा पगार घेण्यासारखंच. आणि या बाबतीत म्हातारा स्वतःलाही सोडत नसे. एकदा पाद्रीबुवांचे बूट ठरल्या दिवशी तयार झाले नाहीत. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चामडं आलं नाही, सुई मोडली. म्हातारा डोक्यावर टोपी चढवून स्वतः चर्चमध्ये गेला आणि म्हणाला, "आळस केला." एवढं बोलून परत आला.

लाद्या या गोष्टीवर कधी बोलला नाही. पण रुझेनाला दिसायचं. पहिल्या बेसवर उभा असताना त्याची नजर मधूनच फाटकाकडे जायची, आणि मग तो उगाचच हातमोजा ठाकठीक करायचा.

सोमवारी सकाळी ती सासऱ्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, आज तुम्ही सामन्याला येताय."

"मला दोन टाचा बसवायच्यात."

"सुट्टीच्या दिवशी? मग असं करू. टाचा तुम्ही बसवा आणि उद्यापासून स्वयंपाकही तुम्हीच करा. मला डंपलिंग जरा मऊ आवडतात, लक्षात ठेवा."

म्हातारा उठला, कोट घातला, आणि दुकानातलं बसायचं तिपाई स्टूल काखेत मारलं. "तिथल्या बाकांचा भरवसा नाही," तो म्हणाला.

मैदानावर ही गर्दी! चहूबाजूच्या शेतांवरून लोक आले होते, गाड्या भरभरून. बाकं केव्हाच भरली, म्हणून क्लबनं नेहमीचा उपाय केला: मैदानाच्या पार लांबच्या टोकाला लोखंडी सळया ठोकून दोरी बांधली आणि उरलेल्यांना दोरीपलीकडे उभं केलं. नियम सोपा. चेंडू दोरी ओलांडून गर्दीत गेला की दोन बेस. कमी नाही, जास्त नाही.

आता या दोरीची एक गंमत आहे, आणि ती आमच्याकडच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. दोरीला पाय फुटतात. आपला गडी बॅट घेऊन आला की गर्दी हळूच सळया उपटते आणि बारा-पंधरा पावलं पुढं येते, म्हणजे त्याचा साधा उंच गेलेला चेंडूसुद्धा गर्दीत पडावा. पाहुण्यांचा गडी आला की गर्दी तशीच गुपचूप मागं जाते, म्हणजे आपल्या पोरांना झेल घ्यायला ऐसपैस जागा. पंच एकटाच, तोही पार दुसऱ्या टोकाला. त्याला दिसतं थोडं आणि तो बघतो त्याहून थोडं. हॅलमला गेलो की तेही आमच्याशी हेच करतात. यात कुणाला पाप वाटत नाही, ही आपली पाहुणचाराची रीत.

आमच्या दोरीचा कारभारी खाटीक ओल्द्रिख. त्यानं मातेयला येताना पाहिलं आणि तो हरखलाच. "अरे वा! काका! आज सूर्य कुठून उगवला? या, या, पुढं या, अगदी दोरीशी बसा." त्यानं स्वतःच्या हातानं म्हाताऱ्याला पहिल्या रांगेत, मधोमध, एका सळईशेजारी जागा करून दिली. आपण काय करून ठेवलंय हे त्या बिचाऱ्याला तेव्हा कळलं नाही.

लाद्या पहिल्यांदा बॅट घेऊन आला. सळया उपटल्या गेल्या, गर्दी पुढं सरकायला लागली.

"काका, उठा. जरा पुढं सरकायचंय," ओल्द्रिख म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? लाद्या आलाय!"

"दिसतोय मला. पण दोरी इथं होती."

"आता तिकडं जाणार ती."

"इथं कुणी ठोकली होती? क्लबनं ना? मग क्लबनं काढली का?"

"अहो काका, ही रीत आहे!"

"असेल," म्हातारा म्हणाला, आणि दोरी मुठीत धरून स्टुलावर पाचर मारल्यासारखा बसला.

म्हाताऱ्याशी दोन हात कोण करणार? दोन्हीकडची गर्दी पुढं गेली, आणि मधे म्हाताऱ्यापाशी दोरीला खोल झोळ पडला. लाद्याचा चेंडू उडाला तो नेमका त्या झोळाकडे. आणखी कुठंही गेला असता तर माणसांत पडला असता आणि डबल झाला असता. इथं हॅलमचा खेळाडू धावत त्या मोकळ्या जागेत शिरला आणि म्हाताऱ्याच्या टोपीच्या वर त्यानं झेल घेतला.

"शाबास," म्हातारा त्या पोराला म्हणाला.

ओल्द्रिखच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं स्वतःची टोपी जमिनीवर आपटली आणि मग दुसरं काही सुचेना म्हणून तीच उचलून पुन्हा घातली.

पण खरा घोटाळा पुढंच होता. पाचव्या डावात प्रुइट बॅट घेऊन आला. गर्दी सळया घेऊन मागं गेली, चांगली लांब. म्हातारा हलला नाही. आता तो हिरव्या मैदानात एकटाच स्टूल टाकून बसलेला, मागं पंधरा पावलांवर दोरी आणि सगळं गाव. प्रुइटनं चेंडू उंच उडवला. आमचा मधल्या मैदानातला गडी मागं मागं पळत गेला, म्हाताऱ्याला ओलांडून गेला आणि त्याच्या पाठीमागं झेल घेतला. जल्लोष झाला! टोप्या उडाल्या. आणि हॅलमचा मॅनेजर, लालबुंद मानेचा जाडगेला माणूस, बोंब ठोकत पंचाकडे धावला: "दोरी हलवली! ढळढळीत हलवली!"

पंचाचं नाव मॅकगिल. एरवी तो एवढ्या लांब चालत यायचा नाही, पण मधोमध स्टुलावर बसलेला तो म्हातारा त्याच्याही डोळ्यांत खुपला असावा. तो आला. गर्दीला विचारलं, "दोरी कुठं होती?"

"इथंच!" सगळं गाव एका तोंडानं म्हणालं. त्यात चर्चच्या गायकवृंदातल्या बायकासुद्धा होत्या.

मॅकगिल म्हाताऱ्याकडे वळला. "आणि तुम्ही असे मैदानात का बसलात?"

"मी मैदानात नाही बसलो," मातेय आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मी दोरीशी बसलोय." आणि त्यानं उजवा पाय उचलला. बुटाखाली, गवतात, सळईचं भोक.

मॅकगिलनं वाकून भोकात बोट घालून पाहिलं. मग सरळ उभा राहिला आणि दोन बोटं वर केली. प्रुइटला दोन बेस. डबल. प्रुइट एकानं पुढं. आणि वर तंबीही दिली: दोरी होती तिथं ठोका, यापुढं कुणी तिला हात जरी लावला तर सामना हॅलमला देऊन मोकळा होईन.

"काका," ओल्द्रिख सळई ठोकता ठोकता अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला, "तो तुमचा मुलगा आहे हो!"

"मग काय भोक बुजवू?" म्हातारा म्हणाला.

लाद्या हे सगळं पहिल्या बेसवरून बघत होता. खोटं कशाला सांगा, त्या घटकेला त्याला बापाचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला इतका. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली तो आला, आणि येऊन हे केलं. घरी टाचा ठोकत बसला असता तर काय बिघडलं असतं! रुझेना बाकांपाशी चर्चच्या बायकांबरोबर कोलाचे विकत होती. तिनं कपाळावर हात मारला, तो पिठाचा डाग तिथं दिवसभर राहिला.

"कोण रे तो खुळा म्हातारा?" आमचा नवा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा गडी, म्हणाला. तो परगावचा होता, त्याला काय माहीत! "धरून बाहेर काढा त्याला."

"माझा बाप आहे," लाद्या म्हणाला. "हात लावून तर बघ."

पुढं लाद्याची पाळी आली तेव्हा हॅलमच्या पिचरनं त्याला मारण्याजोगा एक चेंडू टाकला नाही, फुकट पहिला बेस दिला. त्याच्या पुढच्या पाळीला लाद्यानं इतक्या अधीरपणे बॅट फिरवली की चेंडू जमिनीवरूनच सरपटत गेला आणि तो बाद. सामना आम्ही हरत होतो, पण सामन्याचं कुणाला पडलं होतं! सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. शेवटच्या डावात लाद्याची पाळी येईल का?

आली. दोन गडी बाद झाल्यावर, तिसरा बाद झाला की खेळ खलास अशा वेळी, लाद्या बॅट घेऊन चालत आला. दोरी आपल्या जागी, ताठ. कुणी तिच्याकडे बोटसुद्धा दाखवत नव्हतं. आता डबल हवा तर तो लाद्यालाच मारायचा होता, गावाला नव्हे.

पहिला चेंडू त्यानं सोडला. दुसऱ्यावर बॅट अशी बसली की आवाजावरूनच बाकांवरची माणसं उठली. डावी आणि मधली फट. त्याची नेहमीची. चेंडू एकदा आपटला, दोनदा आपटला आणि दोरीच्या दिशेनं, म्हाताऱ्याच्या स्टुलाच्या रोखानं पळत सुटला.

लाद्याला काही दिसत नव्हतं. तो खाली मान घालून धावत होता. पहिला बेस गेला. दुसरा आला, आणि तिथं तो सवयीप्रमाणे थांबणार, तोच तिसऱ्या बेसपाशी उभा असलेला आमचा मॅनेजर टॉर्केलसन दोन्ही हात चक्कीसारखे फिरवताना दिसला. ये, ये, ये! बारा वर्षांत टॉर्केलसननं लाद्यासाठी कधी हात फिरवले नव्हते. काय संचारलं त्याच्या अंगात कुणास ठाऊक. आणि लाद्याही सुटला. तोंड उघडं, टोपी मागं पडलेली, हात दोन्ही बाजूंना फेकलेले. अख्खं गाव उभं राहून ओरडत होतं. लांबून चेंडू परत आला, पण त्याच्याआधी लाद्या तिसऱ्या बेसवर पोटावर कोसळला आणि दोन्ही हातांनी त्याला कवटाळून पडून राहिला.

तीन बेस! ट्रिपल! लाद्या झेलेंकाचा जन्मातला पहिला ट्रिपल!

जल्लोष झाला आणि मधेच विरला. कारण आधी एकाच्या, मग दहांच्या, मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रिपल म्हणजे डबल नव्हे. प्रुइट पुढंच राहिला. लाद्या एक बेस जास्त पळाला होता.

टॉर्केलसनच्या तोंडचं पाणी पळालं. तो पंचाकडे धावला. "दोन बेस! दोनच! चेंडू दोरीपलीकडे गेला होता, त्याला मागं पाठवा!"

"छे, छे, छे!" हॅलमचा मॅनेजर धावत आला. "तीन बेस! गड्यानं जिवाचं रान करून कमावलेत! कसला मागं पाठवताय?" आणि त्यानं जमिनीवर पडलेल्या लाद्याचा हात ओढून हातात घेतला. "अभिनंदन, अभिनंदन! काय पळालात हो!"

मॅकगिल एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. "आपल्या माणसाला एक बेस कमी द्या म्हणून रडणारा संघ मी आज पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला. त्यानं हॅलमच्या क्षेत्ररक्षकाला विचारलं. तो म्हणाला, मी चेंडू दोरीच्या अलीकडून उचलला. गर्दी म्हणाली, हो, उचलला अलीकडून, पण आधी पलीकडे जाऊन कुणाच्या तरी बुटाला लागून परत आला होता. कुणाच्या बुटाला? दहा जणांनी आपापले बूट पुढं केले.

"या गावाच्या बोलण्यावर माझा काडीचा विश्वास नाही," मॅकगिल म्हणाला.

"माझाही नाही," हॅलमचा मॅनेजर म्हणाला. "पण एक माणूस आहे इथं." त्यानं बोट दाखवलं. "त्या स्टुलावरच्या म्हाताऱ्याला विचारा. चेंडू त्याच्या पायाशीच गेला. तो म्हणेल ते मला मान्य."

ओल्द्रिखला जोराचा ठसका लागला. म्हातारा कुणाचा कोण, हे सांगण्याची बुद्धी गावात एकालाही झाली नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

लाद्या तिसऱ्या बेसवर गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. एवढ्या लांबून त्याला काही ऐकू येत नव्हतं. फक्त दिसत होतं: पंच चालत गेला, बाप स्टुलावरून उठला, त्यानं टोपी काढली. आता जे व्हायचं ते होणार. बाप खरं तेच सांगणार, हे त्याला ठाऊक होतं. चेंडू अलीकडे राहिला असेल तर म्हातारा तसंच सांगेल, आणि जन्मभर त्याला एकदाही वाटणार नाही की आपण काही चुकलो. लाद्यानं डोळे मिटून घेतले.

म्हाताऱ्यानं लांब तिसऱ्या बेसकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "पलीकडे."

मॅकगिलनं दोन बोटं वर केली.

काय सांगू तो गोंधळ! माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, आणि लाद्या आपला तिसऱ्या बेसवरून दुसऱ्या बेसवर पायी परत चालला होता. मागं जातोय म्हणून टाळ्या पडणारा असा गडी कुणी पाहिला नसेल. दुसऱ्या बेसवर हॅलमतर्फे प्रुइटच उभा होता. त्यानं हात पुढं केला.

"बरोबरीत सुटलो," प्रुइट म्हणाला. "पण तो म्हातारा म्हणजे खरा माणूस. आधी मला दिला, मग तुम्हाला दिला. आहे कोण तो?"

"माझा बाप."

प्रुइटचा आ वासला तो वासलाच. मग तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

पुढचा गडी पहिल्याच चेंडूवर बाद झाला, आम्ही सामना हरलो, आणि हरल्याचं कुणाच्या गावीही नव्हतं. लीगमधले सगळ्यात जास्त डबल: झेलेंका, प्लम फोर्ड, आणि प्रुइट, हॅलम. दोघं मिळून पहिले. ओल्द्रिखनं सॉसेजची अख्खी माळ आणली, बिअरचं पिंप फुटलं, हॅलमवालेही थांबले. ओल्द्रिख म्हाताऱ्यापुढं हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, पुढच्या वर्षीपासून कृपा करून घरीच बसा." म्हाताऱ्यानं त्याच्या हातातलं सॉसेज घेतलं आणि खाल्लं.

ऊन उतरलं तशी रुझेना भांडी आवरायला मागं थांबली, आणि बापलेक घराकडे निघाले. लाद्यानं स्टूल आपल्या हातात घेतलं होतं. दोन्ही बाजूंना उंच मका, मधून पांढरी वाट. लाद्याचा राग केव्हाच गेला होता. तो इतका खूश होता की त्याला गप्प राहवेना.

"बाबा, चेंडू कितीसा गेला होता हो दोरीच्या पलीकडे? वीतभर? हातभर?"

म्हातारा चालत राहिला.

"बाबा?"

"मला नाही माहीत."

"माहीत नाही म्हणजे? तुमच्या पायाशीच तर आला."

"आला असेल," म्हातारा म्हणाला. "मी चेंडूकडे बघतच नव्हतो. तू पळत होतास ना. मी तुलाच बघत होतो." दोन पावलं पुढं गेल्यावर त्यानं आणखी सांगितलं, "लहानपणी तू असाच पळायचास. हात बाजूला फेकून."

लाद्या वाटेतच थांबला. "मग... पंचाला सांगितलंत ते?"

"खोटं सांगितलं."

म्हातारा वळला नाही, थांबलाही नाही. टोपी सारखी केली आणि आपल्या चालीनं पुढं जात राहिला. लाद्या मक्याच्या शेतामधे स्टूल छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं, स्टूल खांद्यावर टाकलं आणि बापाला गाठायला तो पळत सुटला.